पहिला व्यावसायिक ट्रम्पेट: कधी घ्यावा, कसा पारखावा

चार-पाच वर्षं मन लावून ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलामुलीच्या घरी हा प्रश्न एक ना एक दिवस येतोच. आता चांगला ट्रम्पेट घ्यायला हवा का, आणि घ्यायचा तर कोणता? आपल्याकडे याचं उत्तर शोधणं अवघड जातं. किंमत लाखांत असते, दुकानात वाजवून बघायला चार ट्रम्पेट शेजारी शेजारी ठेवलेले नसतात, आणि घरात दुसरं कुणी हे वाद्य वाजवणारं नसतं. मग कुणीतरी सांगितलेलं नाव घेतलं जातं, किंवा जो जास्त चकाकतो तो.

माझं सांगणं असं आहे की ट्रम्पेट तीन गोष्टींवर निवडावा: तो सुरात लागतो का, व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन कळा, कसे चालतात आणि फुंक कशी जाते. नाव, किंमत, मुलामा, बेलवरचं (पुढच्या रुंद तोंडावरचं) नक्षीकाम हे सगळं त्यानंतर. या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला स्वतःला पारखता येतात. त्याची रीत क्रमाने सांगतो.

पायरी १: वेळ आली आहे का ते बघा

व्यावसायिक ट्रम्पेट हातात आल्यामुळे कुणी चांगलं वाजवायला लागत नाही. चांगलं वाजवू लागलेल्याला जुना ट्रम्पेट जिथे अडवतो, तिथला अडथळा तेवढा दूर होतो. म्हणून तसा अडथळा खरंच आहे का, हे आधी बघायचं.

विद्यार्थी रोज नेमाने पाऊण-एक तास वाजवतो. खालच्या एफ शार्पपासून वरच्या बी फ्लॅट किंवा सीपर्यंतचे सूर ओढाताण न करता निघतात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या सहाव्या ग्रेडच्या आसपासचे तुकडे तो वाजवतो आहे. आणि शिक्षकांच्याही लक्षात येतंय की एखादा सूर ओठांनी कितीही सावरला तरी जागेवर बसत नाही, जोरात फुंकलं की आवाज पसरट होतो, जलद तुकड्यात व्हॉल्व्ह मागे पडतात. अशी स्थिती असेल तर वेळ आली असं समजा.

पण खरेदीला निघण्याआधी जुना ट्रम्पेट नीट साफ करा. लीडपाइप, म्हणजे ओठांना लावायचा माउथपीस जिथे बसतो ती पहिली नळी, हिच्यात वर्षानुवर्षांचा थर साचलेला असतो. तो लवचीक ब्रशने काढला, व्हॉल्व्हच्या टोपणांखालचे फेल्ट बदलले, वॉटर कीचा, म्हणजे आत साचलेलं पाणी काढायच्या झडपेचा, बूच नवा घातला की कित्येक ‘खराब’ ट्रम्पेट पुन्हा बोलायला लागतात. हा खर्च काहीशे रुपयांचा आहे. त्यानंतरही अडचण राहिली तर पुढे जा.

दातांना तारा असतील तर थांबा. तारा निघाल्यावर ओठांची ठेवण नव्याने बसवावी लागते, त्यात काही महिने जातात. त्या काळात कुठलाच ट्रम्पेट धड पारखता येत नाही.

पायरी २: कानात एक आवाज असू द्या

आपल्याला कसा आवाज हवा आहे हेच माहीत नसेल, तर पाच ट्रम्पेट वाजवून पाहिले तरी गोंधळच वाढतो. म्हणून आधी भरपूर ऐका. सी. रामचंद्रांच्या संगीतात गोव्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, यांचा ट्रम्पेट ऐका: धारदार, खट्याळ, गाण्याच्या पुढे धावणारा. त्यानंतर फ्रान्सच्या मॉरिस आंद्रे यांचं वादन ऐका: गोल, झळझळीत, सुराच्या आरंभापासून शेवटापर्यंत एकसारखं. दोन्ही ट्रम्पेटच, पण मागणं निराळं.

विद्यार्थी पुढे काय वाजवणार, याचाही इथेच विचार करा. चर्चमध्ये आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या परीक्षांसाठी, हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, जाझमध्ये, की लग्नाच्या आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला याचं पक्कं उत्तर नसतं, आणि नसावंही. म्हणूनच पहिला ट्रम्पेट सगळीकडे चालेल असा घ्यायचा.

पायरी ३: पहिल्या खेपेला मधला रस्ता धरा

कंपन्यांच्या यादीत शेकडो प्रकार असतात: हलकी बेल, जड बेल, मोठा बोअर, उलट बसवलेला लीडपाइप, सोनेरी पितळ, लाल पितळ. पहिल्या व्यावसायिक ट्रम्पेटसाठी यातलं जवळजवळ काहीच विचारात घेऊ नका. बी फ्लॅटचा ट्रम्पेट, मीडियम-लार्ज बोअर, साधारण वजनाची एकसंध पत्र्याची बेल, पिवळं पितळ. इतकंच.

बी फ्लॅटचा म्हणजे काय, ते पेटीच्या भाषेत सांगितलं तर चटकन लक्षात येईल. एकही व्हॉल्व्ह न दाबता जो सी वाजतो, तो पेटीवरची काळी पाच असते. सी ट्रम्पेटवर तोच सूर सफेद एक येतो. सी ट्रम्पेट सिम्फनी ऑर्केस्ट्रात फार वापरतात, पण तो दुसरा ट्रम्पेट म्हणून घ्यायचा. शिक्षण, परीक्षा, बँड, गाण्यांची साथ हे सगळं बी फ्लॅटवरच चालतं.

बोअर म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या नळीचा आतला व्यास. मीडियम-लार्ज म्हणजे सुमारे ११.६५ मिलिमीटर. मोठा बोअर म्हणजे मोठा आवाज, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. वास्तविक यामाहाच्या शिकाऊ २३३० मध्ये जो बोअर आहे, तोच त्यांच्या व्यावसायिक झेनो ८३३५ मध्ये आहे. दोन्हींच्या बेलचा व्यासही १२३ मिलिमीटरच. फरक आहे तो बेल कशी घडवली, नळ्या कशा निमुळत्या केल्या, व्हॉल्व्ह किती काटेकोर बसवले यात. शिकाऊ ट्रम्पेटची बेल दोन तुकडे जोडून करतात. झेनोची एकाच पत्र्यातून कापून, शिवण जोडून, हातोडीने ठोकून घडवलेली असते. त्यामुळे सूर जास्त जिवंत लागतो आणि हळू वाजवतानाही त्यात जान राहते.

बाखचं स्ट्रॅडिव्हेरियस १८०एस३७ हे मॉडेलही याच मधल्या रस्त्यावरचं. त्यातल्या ३७ या आकड्याचा अर्थ बेलचा विशिष्ट घाट. ही कंपनी काढणारे व्हिन्सेंट बाख मूळचे ऑस्ट्रियाचे, स्वतः ट्रम्पेटवादक. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी १९१८ च्या सुमारास माउथपीस करायला सुरुवात केली आणि १९२० च्या दशकात ट्रम्पेट. १९६१ मध्ये कंपनी सेल्मरने घेतली आणि पुढे कारखाना इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला गेला. आज इतर अनेक कंपन्यांचे ‘सर्वसाधारण’ व्यावसायिक ट्रम्पेट याच मॉडेलच्या वळणाचे असतात. शिल्की, गेट्झेन, बी अँड एस, तैवानचे एक्सओ यांचेही चांगले ट्रम्पेट आहेत, मिळाले तर जरूर वाजवून बघा. मात्र झेनो किंवा ३७ बेलचा बाख निदान एकदा हातात घ्या, म्हणजे बाकीच्यांना मोजायला एक माप मिळतं.

आणि एक. एकाच मॉडेलचे दोन ट्रम्पेटही सारखे नसतात, हाताने घडवलेल्यांत तर नाहीच. ‘अमुक मॉडेल उत्तम’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. तुम्ही हातात घेतलेला तो एक ट्रम्पेट कसा आहे, हे वाजवूनच कळतं.

पायरी ४: लॅकर की चांदी

पितळावर लॅकरचा पारदर्शक थर हवा की चांदीचा मुलामा, यावर लोक तासन् तास वाद घालतात. आवाजात फरक पडत असला तर तो इतका थोडा असतो की विद्यार्थ्याने त्यापायी झोप घालवू नये. व्यवहाराचा फरक मात्र आहे. मुंबई, वसई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत चांदीचा मुलामा काळवंडतो आणि वरचेवर पुसावा लागतो. पण तो टिकतो, हाताच्या घामाने सहसा उडत नाही. लॅकरला फारसं पुसावं लागत नाही, पण ज्यांच्या हाताला घाम जास्त येतो त्यांचं लॅकर व्हॉल्व्हच्या बाजूला लवकर निघतं आणि खालचं पितळ उघडं पडतं. हाताला घाम येत असेल तर चांदी घ्या. येत नसेल तर जो ट्रम्पेट चांगला वाजतो तो घ्या, मग तो सोनेरी असो की पांढरा.

पायरी ५: वाजवून पारखा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. याला घाई करू नका.

सोबत काय न्यायचं ते आधी. आपला रोजचा माउथपीस, आपला जुना ट्रम्पेट, ट्यूनर असलेला फोन, वही-पेन आणि जमल्यास शिक्षक किंवा ज्याचा कान तयार आहे असा एक माणूस. माउथपीस आपलाच हवा. नव्या ट्रम्पेटबरोबर नवा माउथपीस लावून पाहिला, तर काय आवडलं आणि काय खटकलं ते कळणारच नाही. माउथपीस बदलायचाच असेल, म्हणजे बाखच्या ७सीवरून ५सी किंवा ३सीवर जायचं असेल, तर ते दोन-तीन महिने आधी करा किंवा नंतर. आकड्यांचा एक घोळही इथेच सांगतो: बाखमध्ये आकडा जितका लहान तितका माउथपीस मोठा, यामाहामध्ये याच्या नेमकं उलट.

सुरुवातीला आपल्या जुन्या ट्रम्पेटवर दहा मिनिटं ओठ गरम करा. कान आणि ओठ ओळखीच्या जागी आले की मगच नवा उचला.

*फुंक.* मधला जी अगदी हळू, ‘ता’ म्हणत सुरू करा. थांबा, ओठांवरून माउथपीस काढा, पुन्हा लावा, पुन्हा सुरू करा. असं आठ-दहा वेळा. चांगल्या ट्रम्पेटवर सूर ताबडतोब उगवतो. आधी हवेचा फस् आवाज आणि मागून सूर असं वारंवार होत असेल, तर एक तर तो ट्रम्पेट तुमच्या फुंकीला जुळत नाही किंवा कुठेतरी गळतो आहे. मग तोच सूर हळूपासून पूर्ण जोरापर्यंत वाढवत न्या. कुठल्या टप्प्यावर आवाज फाटतो? जुन्या ट्रम्पेटपेक्षा लवकर की उशिरा? त्यानंतर व्हॉल्व्ह न दाबता सी, जी, वरचा सी, ई, जी असे ओठांनी चढा आणि उतरा. सूर बदलताना पायरी जाणवावी, पण अडखळू नये.

फुंक ‘मोकळी जाते’ हे ऐकायला छान वाटतं, पण फार मोकळा ट्रम्पेट विद्यार्थ्याला दमवतो. थोडा अडसर फुंकीला आधार देतो. पहिल्या दहा मिनिटांत मोठ्ठा आणि मोकळा वाटलेला ट्रम्पेट चाळीस मिनिटांनी ओठ थकवून टाकतो का, हे त्याच बैठकीत तपासा.

*सूर.* इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. ट्रम्पेट पूर्ण सुरात कधीच नसतो, कुठल्याही कंपनीचा आणि कितीही किमतीचा असला तरी. प्रत्येक व्हॉल्व्ह नळीची लांबी ठरावीक प्रमाणात वाढवतो. पण दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम दाबले की नळी आधीच लांब झालेली असते, आणि पुढच्या व्हॉल्व्हने दिलेली वाढ तिला पुरत नाही. म्हणून पहिल्या-तिसऱ्या व्हॉल्व्हचा खालचा डी आणि तिन्ही व्हॉल्व्हचा खालचा सी शार्प चढे लागतात, आणि ते उतरवायला तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकती नळी, बाहेर ढकलावी लागते. उलट वरच्या घरातला ई, ई फ्लॅट आणि डी हे निसर्गतःच उतरे. तिथे पाचवा स्वरांश, म्हणजे नळीतून आपोआप निघणाऱ्या सुरांच्या ओळीतला पाचवा सूर, वाजतो आणि तो पियानोच्या सुरापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. एका अर्ध्या सुरात १०० सेंट धरतात, त्यावरून अंदाज येईल.

गाण्यांच्या साथीत हे फार जाणवतं. गायक सफेद दोनमध्ये गात असेल तर ट्रम्पेटवर ई मेजर वाजवावी लागते. म्हणजे वरचा षड्ज नेमका त्या उतऱ्या ई वर येतो, आणि त्याच्याखालचा शुद्ध निषाद, डी शार्प, तोही उतरा. ज्या ट्रम्पेटवर हे दोन सूर जास्तच पडतात, तो ऑर्केस्ट्रात रोज त्रास देणार.

तपासायची पद्धत अशी. मधल्या जीवर ट्रम्पेट जुळवून घ्या. मग वाजवणाऱ्याने ट्यूनरकडे बघायचं नाही. डोळे मिटून, ओठांनी काहीही न सावरता, एकेक सूर सरळ लांब धरायचा, आणि दुसऱ्याने ट्यूनर बघून वहीत लिहायचं: किती सेंट वर, किती खाली. काट्याकडे बघत वाजवलं की ओठ आपसूक सूर दुरुस्त करतात आणि खोटं चित्र मिळतं. खालच्या सीपासून वरच्या जीपर्यंत सगळे सूर, प्रत्येक ट्रम्पेटवर दोनदा. दोन ट्रम्पेटच्या याद्या शेजारी ठेवल्या की जे कळतं, ते कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही. पाचव्या स्वरांशाचे सूर थोडे उतरे असणारच. दोन शेजारच्या सुरांत एकदम मोठी उडी दिसली, तर मात्र तो ट्रम्पेट बाजूला ठेवा.

*व्हॉल्व्ह आणि स्लाइड.* व्हॉल्व्ह बोटाच्या मधोमध दाबून बघा, मग मुद्दाम थोडं कडेला दाबून बघा. अडकता कामा नये. तिसऱ्या व्हॉल्व्हवर करंगळीशेजारचं बोट असतं, ते मुळात कमजोर, म्हणून तो जास्त वेळा तपासा. क्रोमॅटिक स्वरमालिका, म्हणजे एकेक अर्ध्या सुराने जाणारी, सगळ्यात जलद गतीने वरखाली वाजवा. स्वस्त ट्रम्पेटचे पिस्टन, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत वरखाली होणारे दट्टे, बहुधा निकेलचा मुलामा दिलेले असतात. बाख आणि झेनोमध्ये मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे असतात, त्यांना गंज लागत नाही आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. तिसऱ्या स्लाइडची कडी आणि पहिल्या स्लाइडचा खोबणीचा टेकू हाताला सहज पोचतात का? लहान चणीच्या मुलामुलींना कडी दूर पडते, काही मॉडेलमध्ये ती सरकवता येते. सूर चालू असताना स्लाइड एका ढकलण्यात बाहेर जाऊन परत यायला हवी.

*ऐकणारा.* ट्रम्पेट वाजवणारा बेलच्या मागे उभा असतो. त्याला ऐकू येतं ते समोरच्यापेक्षा निराळं. म्हणून सोबतच्या माणसाला आठ-दहा मीटरवर पाठ करून उभं करा आणि त्याला न सांगता ट्रम्पेट आलटून पालटून तोच तुकडा वाजवा. कुठला बाख, कुठला यामाहा, कुठला महाग हे त्याला कळू देऊ नका. त्याने सांगितलेलं वहीत लिहा. दुकानाची खोली लहान आणि सामानाने भरलेली असेल तर परवानगी काढून मोठ्या हॉलमध्ये जा. बंद खोलीत सगळेच ट्रम्पेट मोठे वाटतात.

त्या दिवशी निर्णय घेऊ नका. दुसऱ्या दिवशी ताज्या ओठांनी पुन्हा वाजवा.

पायरी ६: वापरलेला घेणार असाल तर

अमेरिकेत नवा बाख किंवा झेनो ३००० डॉलरच्या पुढे जातो, आपल्याकडे त्यावर वाहतूक आणि कर चढतात. त्यामुळे चांगला वापरलेला ट्रम्पेट हा पुष्कळदा सगळ्यात शहाणा पर्याय ठरतो. नव्या मधल्या दर्जाच्या ट्रम्पेटच्या किमतीत वापरलेला खरा व्यावसायिक मिळत असेल, तर मी वापरलेलाच घ्यायला सांगेन. पण तो तपासून घ्या.

लीडपाइपमध्ये टॉर्च मारून बघा. बाहेरूनही नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके, मध्ये काळसर बिंदू असे दिसले, तर पितळातलं जस्त आतून झिजून गेलेलं आहे. याला रेड रॉट म्हणतात. लीडपाइप बदलता येतो, पण त्याचा खर्च किमतीतून कापून घ्या. हेच ठिपके बेलवर असतील तर घेऊ नका.

मग हवेची परीक्षा. पहिला व्हॉल्व्ह न दाबता पहिली स्लाइड दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढा, क्षणभर थांबा आणि व्हॉल्व्ह दाबा. पिस्टन आणि स्लाइड घट्ट असतील तर ‘पॉक’ असा आवाज येतो. तसंच तिसऱ्यालाही करा. आवाज आलाच नाही तर हवा गळते आहे. काही ट्रम्पेटच्या पिस्टनला मुद्दाम बारीक भोक पाडून घेतलेलं असतं, तिथे आवाज येणार नाही, म्हणून आधी विचारून घ्या. पिस्टन वर असताना बोटांत धरून बाजूला हलवून बघा. खडखडत हलत असेल तर तो झिजला आहे. झिजलेल्या पिस्टनवर नवा मुलामा चढवून ते पुन्हा घासून बसवणारे कारागीर फार थोडे आहेत, आणि ते काम महाग पडतं.

बेलच्या वळणावर चुणी आहे का बघा. एखादा लहानसा पोचा आवाजाला धक्का लावत नाही, पण माउथपीसजवळ किंवा लीडपाइपवर असेल तर लावतो. सगळ्या स्लाइड बाहेर निघतात का? बेलवरची अक्षरं पुसट आणि कडा गुळगुळीत दिसत असतील, तर ट्रम्पेट पॉलिश करून त्याला पुन्हा लॅकर दिलेलं आहे. त्यात धातू पातळ होतो. आणि मोठ्या नावांच्या नकला बाजारात फिरतात, हे विसरू नका. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर क्रमांक बघा, बाखचा तो मधल्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर असतो. अधिकृत विक्रेत्याकडून खात्री करून घ्या, मगच पैसे द्या.

पायरी ७: मिळवायचा कुठून

आपल्याकडच्या दुकानांत व्यावसायिक ट्रम्पेट बहुतेक मागणीवरून येतात. म्हणजे न वाजवता पैसे भरायची वेळ येते. ते टाळायचा सगळ्यात चांगला मार्ग माणसांतून जातो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या पाश्चात्त्य संगीत शिकवलं गेलं. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईचे जाझ बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. त्यांच्या घरांतून, वसईच्या बँडमधून, कुलाब्याला आयएनएस कुंजालीवर नौदलाची संगीतशाळा आहे तिथून निवृत्त झालेल्यांकडे, मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात वाजवणाऱ्यांकडे आजही उत्तम ट्रम्पेट आहेत. आदराने विचारलं तर बहुतेक वादक मुलांना आपला ट्रम्पेट दोन मिनिटं वाजवू देतात, आणि कुणाचा विकायचा आहे हेही त्यांनाच ठाऊक असतं. शिक्षकांना मध्यस्थी करायला सांगा.

दुकानातून मागवताना तीन गोष्टी लेखी घ्या: परत करायची मुदत, ती कधीपासून मोजायची आणि व्हॉल्व्हची हमी. परदेशातून नातेवाइकांकरवी आणणार असाल तर बिल जवळ ठेवा, सीमाशुल्काची चौकशी आधी करा, आणि ट्रम्पेट हातातल्या सामानात आणायला सांगा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांचं काम सोपं आहे. तिथली मुलं शाळेच्या बँडमध्ये वाजवतात, आणि बरीच वाद्यांची दुकानं काही दिवस घरी नेऊन वाजवायला देतात. ती सवलत जरूर वापरा, आणि दोन-तीन ट्रम्पेट एकाच वेळी मागवा.

पायरी ८: घरी आल्यावर

नव्या ट्रम्पेटमध्ये कारखान्यातलं तेल आणि बारीक कण राहिलेले असतात. तो कोमट पाण्याने, थोड्या सौम्य साबणाने एकदा धुऊन घ्या. गरम पाणी नको, लॅकर निघतं. पिस्टन एकेक करून काढा. त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे असतात, ते आपापल्या नळकांड्यात आणि योग्य दिशेनेच परत गेले पाहिजेत. पिस्टन फिरवून खाच बसली की हलकासा खट् आवाज येतो. रोज वाजवण्याआधी व्हॉल्व्हला दोन-तीन थेंब तेल, मोठ्या स्लाइडला महिन्यातून एकदा ग्रीस. खाऊन आल्यावर चूळ भरल्याशिवाय ट्रम्पेट तोंडाला लावायचा नाही. तेवढ्या सवयीने लीडपाइपचं आयुष्य कितीतरी वाढतं.

देवाची भांडी ज्या पावडरीने, चिंचेने किंवा लिंबाने घासतो, त्यातलं काहीही ट्रम्पेटला लावू नका. मऊ सुती फडकं पुरे. चांदीचा असेल तर चांदीसाठीचं खास कापड. पावसाळ्यात ट्रम्पेटच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून उन्हाशेजारी, सावलीत, वारा लागेल अशी ठेवा.

जुना ट्रम्पेट विकू नका. मिरवणुकीत, पावसात, शाळेच्या कवायतीत तो न्या. मेरठच्या जाली कोठीत बनलेले साधे ट्रम्पेटही अशा कामाला उत्तम असतात. नवा ट्रम्पेट घरात, वर्गात, हॉलमध्ये आणि रेकॉर्डिंगला. पहिले तीन-चार आठवडे रोज पाच मिनिटं फक्त लांब सूर धरा आणि सेंटची ती वही समोर ठेवून प्रत्येक सुराला किती सावरावं लागतं ते ओठांना शिकवा. खालच्या डी आणि सी शार्पला तिसरी स्लाइड किती बाहेर जायला हवी, ती खूण बोटाला पक्की होईपर्यंत जलद तुकडे हाती घेऊ नका.